शेवंताचं पोट, माझा अंगठा

गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून मी उभा होतो आणि मनात आकडे मोजत होतो. निरोगी गाय असली की मिनिटाभरात पोट आतून हलतं, मुठीला ढुशी बसते. साठ झाले, सत्तर झाले, नव्वद झाले, तरी शेवंताचं पोट ढिम्म. रवंथ बंद, कान थंडगार, खाली पातळ शेणाचा सडा आणि त्याला आंबूस वास.

"काय घातलंत हिला?" मी विचारलं.

"रोजचंच," बायनाक्का म्हणाली. "वैरण, पेंड, पाणी. दुसरं काय घालतोय?"

बायनाक्का सूर्यवंशी म्हणजे पळसवाडीतलं मोठं प्रस्थ. पंचेचाळिशीची बाई, घरचा सगळा गोठा तिच्या हातात, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. तिच्या शेवंताचं नाव दूध संघाच्या स्पर्धेत गेलं होतं. स्पर्धा रविवारी आणि तो दिवस मंगळवारचा. ऐन भरात अठरा लिटर देणारी गाय त्या सकाळी तीन लिटरवर आली होती. सगळं घर गोठ्याच्या दारात गोळा झालं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी त्या भागातल्या पाच वाड्यांचा जनावरांचा डॉक्टर. गोष्ट शहाण्णव सालची. लोक तोंडावर डाक्टर म्हणायचे आणि माघारी ढोरांचा डाक्टर. तालुक्याला एखाद्या लग्नात कुणी ओळख करून देताना 'हे डॉक्टर, म्हणजे माणसांचे नव्हेत हं' असं म्हणालं की मला मिरची झोंबायची. पण धंद्यात मी पक्का होतो. जनावर बोलत नाही, म्हणून त्याच्या मालकाला खोदून खोदून विचारायचं, काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी घातलं. नव्वद टक्के दुखणी तिथंच सापडतात.

त्या दिवशी मात्र माझं निम्मं लक्ष माझ्या डाव्या पायात होतं. तीन महिन्यांपूर्वी एका म्हशीचं खूर अंगठ्यावर पडलं होतं आणि जखम काही केल्या भरत नव्हती. आदल्याच दिवशी, सोमवारी, तालुक्याच्या डॉ. कर्णिकांनी पट्टी सोडली, नाक मुरडलं, रक्ताचा कागद बघितला आणि खुर्चीत मागे रेलले. उपाशीपोटीची साखर दोनशे ऐंशी. म्हणाले, "ताटे, पंधरा दिवस देतो. साखर उतरली आणि जखमेत लाल मांस दिसलं तर अंगठा ठेवू. नाहीतर काढायचा. आणि हे अंगठ्यावर थांबत नाही, पुढे पाऊल असतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोटरसायकलचा गिअर त्याच पायात. पाऊल गेलं की मला उचलून तालुक्याच्या कचेरीत टेबलावर बसवणार, समोर फायली आणि पेपरवेट. बेचाळिसाव्या वर्षी मला ते मरणच वाटत होतं.

बरं, घरी पथ्य कडक. माझी बायको शैला ज्वारीच्या पिठाचा गोळा काट्यावर तोलून भाकरी थापायची. भात बंद. आंब्याचा अख्खा हंगाम मी एक फोडही तोंडात टाकली नव्हती. साखरेचा डबा तिनं शेजारणीकडे ठेवायला दिला होता. मेथी, कारलं, मोडाची मटकी, रात्री आठाच्या आत जेवण आणि नंतर शतपावली. आणि तरीही दोन महिन्यांत साखर दोनशे चाळीसवरून दोनशे ऐंशीवर गेली होती. कर्णिकांनी शैलासमोरच विचारलं, चोरून गोड खाता का. मी देवाशप्पथ नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. एसटी स्टँडवर शैला रडली. तिला वाटलं, तिचंच कुठंतरी चुकतंय. मी तिला म्हणालो की कर्णिकांचं मशीनच बिघडलेलं असणार.

तर त्या तिरमिरीतच मी शेवंताच्या घरच्यांना फैलावर घेतलं. कुणीही खोटं बोलायचं नाही, गाय हातची जाईल, असं दरडावलं. मग बायनाक्काची म्हातारी सासू पदर चाचपत पुढे आली.

"मी गुळाचा खडा देते सकाळी. येवढासाच. सपर्धा हाय न्हवं."

म्हातारीनं तोंड उघडलं आणि मग एकेक बाहेर पडायला लागलं. दीर संपत चार दिवस झाले दुपारी दोन मापं धान्याचा भरडा जास्तीचा घालत होता. थोरली लेक कलावती शेजारच्या जावळाच्या जेवणातला उरलेला भात संध्याकाळी आणून घालत होती. आणि खुद्द बायनाक्का पहाटे मक्याचं पीठ कालवून पाजत होती. प्रत्येकानं गुपचूप, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच जरासं घातलंय. ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. संपत तर जीभ चावून खाली बसला.

मला चेवच आला. मी म्हणालो, "प्रत्येकाचं थोडंच होतं. तोंडं चार, हात आठ, पण पोट किती? पोट एकच. लाडानं मारायला घेतली होतीत तिला."

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला, सुई टोचली, पेंड-भरडा सगळा बंद केला. नुसता कोरडा कडबा आणि पाणी, दुसरं काही नाही, असं चौघांकडून कबूल करून घेतलं. हात धुतले आणि कलावतीनं पुढे केलेला चहा घेतला. दोन घोटांत संपवला, कारण घसा कोरडा पडला होता. लगेच तांब्याभर पाणी प्यालो आणि गोठ्याच्या मागं जाऊन आलो.

परत आलो तर बायनाक्का माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "डाक्टर, तासाभरात दोनदा मागं जाऊन आलात. तिसरा तांब्या पाणी. पायाची पट्टी तीन महिनं झालं सुटंना. असलं जनावर तुमच्याकडं आणलं तर काय विचाराल?"

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. ती हसली नाही. घरातली माणसं कामाला पांगली होती, गोठ्यात आम्ही दोघंच होतो. कसं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. साखर, पंधरा दिवस, अंगठा. शैलाचं पथ्यही सांगितलं, अगदी तोललेल्या गोळ्यासकट. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आज सकाळपासनं कुणाकुणाच्या घरी गेलात?"

मी सांगायला लागलो. पाटलांची म्हैस, मग देसायांचं वासरू, मग मारुतीच्या देवळामागचं एक घर, मग धोंडिराम कांबळे. ती मक्याच्या कणसाचा एकेक दाणा काढून परातीत टाकत होती. मला वाटलं, बाईला काहीतरी चाळा लागतोच. काल मी तालुक्याला होतो, म्हणून तिनं शनिवारची घरं विचारली, तीही सांगितली. मग तिनं शनिवारचे दाणे मोजले. सतरा.

"सतरा घरं," ती म्हणाली. "चहा कुठं कुठं घेतलात?"

"सगळीकडंच. चहाला कोण नाही म्हणतं?"

ती आत गेली. साखरेचा डबा, चमचा आणि एक पितळी फुलपात्र घेऊन आली. प्रत्येक दाण्याला दोन चमचे, तेही वर शीग धरून, कारण डाक्टरच्या चहात कुणी हात आखडता घेत नाही. सातव्या-आठव्या दाण्याला मला घाम फुटला. सतरावा दाणा झाला तेव्हा फुलपात्र काठोकाठ भरून वर ढीग झाला होता आणि थोडी साखर परातीत सांडली होती.

"घरं सतरा," बायनाक्का म्हणाली, "पण पोट किती, डाक्टर?"

मला हसावं की रडावं कळेना. असा आनंद झाला होता की शेवंताच्या गळ्यात पडावंसं वाटलं. चोर सापडला होता. मशीन चांगलं होतं, कर्णिक बरोबर होते, शैलाचं काही चुकलं नव्हतं. कर्णिकांनी गोड खाता का म्हणून विचारलं तेव्हा चहा माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. चहा हे खाणं थोडंच होतं, ते तर उंबरठा ओलांडण्यासारखं होतं. मी फटफटीला किक मारली आणि घरी जाऊन शैलाला ओट्यापाशीच सगळं सांगितलं. ती आधी चिडली, मग हसली, मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, उद्यापासून सरळ नको म्हणायचं, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं ते मला बुधवारी कळलं. पाटलांकडे नको म्हणालो तर पाटलीणबाईंनी विचारलं, आमचं काही चुकलं का. देसायांच्या म्हातारबुवांनी तीनदा आग्रह केला आणि शेवटी शब्दच बंद केला. मी तेही पचवलं. चौथं घर धोंडिराम कांबळेचं. त्यानं म्हशीला धरलं, मी औषध पाजलं, त्याची बायको कपबशी घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, नको आज. धोंडिरामनं बायकोच्या हातातली कपबशी घेतली आणि खाली मान घालून आत गेला.

मी मोटरसायकलवर बसलो आणि काय झालं ते मला उमगलं. त्या गावात कोण कुणाच्या घरचं पाणी पितं आणि कोण पीत नाही, हे अजून लोकांच्या ध्यानात असायचं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी मनाशी एक ठरवलं होतं. चहा घ्यायचा तर प्रत्येक घरी, उंबऱ्याच्या आत बसून. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी टाळला की त्याचा अर्थ लागतो, आणि तो अर्थ मी चौदा वर्षांत एकदाही लागू दिला नव्हता. माझ्या सबंध नोकरीत मला अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. मी उतरलो, परत गेलो, आत जाऊन बसलो आणि चहा मागितला. दोन कप प्यालो. धोंडिरामनं दिला, पण तो माझ्याशी बोलला नाही.

संध्याकाळी शेवंताला बघायला गेलो तेव्हा बायनाक्काला म्हणालो, अंगठा जाऊ दे, मला हे जमायचं नाही. ती म्हणाली, नको म्हणूच नका, चहा घ्या, साखर गावानं सोडायची. मी हात जोडले. म्हणालो, गावाला कळता कामा नये, ज्याला स्वतःच्या पोटातलं कळलं नाही तो आमच्या गाईच्या पोटातलं काय सांगणार, असं म्हणतील लोक.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी शेवंताच्या कुशीवर मूठ ठेवली. वीस, तीस, चाळीस, आणि आतून ढुशी बसली, अशी की मनगटापर्यंत कळली. मी चक्क ओरडलो. म्हातारी देवाला हात जोडायला धावली, संपत टाळ्या वाजवायला लागला. पाच मिनिटांनी शेवंतानं मान वर केली, डोळे मिटले आणि रवंथ करायला सुरुवात केली. रवंथ करणारी गाय मी हजारदा बघितली असेल, पण त्या दिवशी आम्ही सगळे खाली बसून ते बघत राहिलो. मग तीन दिवस मी जनावरं रानातच गाठून तपासली आणि कुणी कप आणायच्या आत पळ काढला. चोरासारखं वाटत होतं.

रविवारी संघाच्या पटांगणात पाच गावं लोटली होती. मांडव, कर्णे, गोंडे बांधलेल्या गाई, दूध मोजायचे कॅन. शेवंता कशीबशी चौदा लिटरपर्यंत आली होती. पहिला नंबर दुसऱ्याच गावच्या गाईनं नेला. बायनाक्काला उत्तेजनार्थ म्हणून एक स्टीलची बादली मिळाली. ती मंचावर गेली, बादली घेतली आणि खाली उतरायच्या ऐवजी सरळ माईकपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या हातात ते पितळी फुलपात्र होतं. मी मांडवाच्या कडेकडेनं निघायला लागलो, तर पुढे संपत उभा. त्याला तिनं तिथं मुद्दामच उभं केलं होतं.

"माझी गाय मरत हुती," बायनाक्का म्हणाली, आणि कर्ण्यातून ते पाच गावांना ऐकू गेलं. "आम्ही चौघांनी लाडानं मारायला घेतली हुती. ह्या डाक्टरनं वाचवली. आता हा डाक्टर मरायला लागलाय. त्याच्या अंगात साखर झालीया, पाय कापायची पाळी आलीया. आणि त्याला कुणी मारायला घेतलाय? आपण. ही बघा, ही साखर एका दिवसाची. एकेक घरचा एकेक कप."

तिनं फुलपात्र वर धरलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. चौदा वर्षांची अब्रू त्या कर्ण्यातून गेली, असंच वाटत होतं.

"उद्यापासनं ज्या घरी ह्याच्या कपात साखर पडंल, त्या घरच्या जनावराला हात लावायला मी ह्याला जाऊ देणार न्हाई. आणि ह्याच्यापुरता वेगळा चहा ठेवायचा न्हाई. माणसाला एकटं काढायचं न्हाई. घरचा सगळा चहा तसलाच ठेवायचा. मी गेल्या चार दिवसांपासनं पितीया. पहिल्या दिवशी कडू लागतो, मग लागत न्हाई."

लोकांत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. आणि मागच्या बाजूनं धोंडिराम उठला. माणसं बाजूला सारत तो माझ्यापर्यंत आला आणि पुढ्यात उभा राहिला.

"बुधवारी नको म्हणालात ते ह्याच्यापायी?"

"साखरेला नको म्हणालो, धोंडिराम. तुझ्या घराला नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मग सांगायचं की, डाक्टर," तो म्हणाला. "चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई." आणि त्यानं माझा हात असा दाबला की अंगठ्याच्या आधी तोच तुटतो की काय असं वाटलं. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

पुढचे आठ दिवस काय मजेचे गेले म्हणून सांगू. कर्णिकांच्या गोळ्या आणि शैलाची भाकरी होतीच, वर आता घरोघर बिनसाखरेचा चहा. देसायांचे म्हातारबुवा एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून माझ्यासोबत पीत होते. पाटलीणबाईंनी चहात गवती चहाची पात आणि आलं घातलं, म्हणजे निदान कशाची तरी चव लागेल. पोरंटोरं मला बघून तोंडं वाकडी करायची. बाया एकमेकींच्या चुली तपासायला लागल्या, कुणाच्या पातेल्यात साखर पडली म्हणून. शुक्रवारी मी एका दिवसात अकरा कप प्यालो आणि एकदाही गोठ्याच्या मागं धावलो नाही.

ठरल्या सोमवारी कर्णिकांपुढे बसलो. शैलानं माझी बाही घट्ट धरली होती. पट्टी सुटली. कर्णिक वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं टक्कल दिसत होतं. मग त्यांनी चिमट्याच्या टोकानं दाखवलं. जखमेच्या तळाला डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस होतं. साखर एकशे अठ्ठावन्न.

"गोळ्या तर त्याच होत्या," ते म्हणाले. "काय केलंत काय?"

"वैरण बदलली," मी म्हणालो. शैला इतकी हसली की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावून बघायला लागली.

अंगठा राहिला. गोळ्या सुटल्या नाहीत, त्या आजही चालू आहेत. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली, मग आणखी दोन बदल्या, मग निवृत्ती. बायनाक्का गेल्याचं मला फार उशिरा कळलं. धोंडिरामही गेला. पळसवाडीला जायचं जायचं म्हणत राहिलो आणि वीस-बावीस वर्षांनी, धोंडिरामच्या नातवाच्या लग्नाला चुकलो म्हणून आहेर घेऊन गेलो. नातू कामावर गेला होता. दारात नवी सून होती, मला न ओळखणारी. मी नुसतं जुना ओळखीचा आहे असं सांगितलं. तिनं आत बसवलं, पाणी दिलं आणि चहा आणला.

"गोड लागत असंल तर साखर येगळी देते," ती म्हणाली. "आमच्या गावात समद्यांकडं डाक्टरी चहाच असतो."

मी कप बशीत ठेवला. मी विचारलं, डाक्टरी म्हणजे काय.

"बिनसाखरेचा. गावात पूर्वी कोण एक डाक्टर हुता, त्यानं सांगितलेलं म्हणे, तवापासनं."

"कसला डॉक्टर होता?"

तिनं जरा आठवून बघितलं. "मोठा हुता म्हणत्यात," ती म्हणाली. "माणसांचा."

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. चहा संपवला आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.